उपसंहार

पनवेल-ठाणे लोकल पनवेलहूनच सुटते, त्यामुळे सकाळी खिडकीजवळ जागा मिळते आणि ऐरोली येईपर्यंत पाऊण तास वाचता येतं. गेल्या काही वर्षांत या पाऊण तासांत मी बहुतेक फँटसीच वाचली. टोल्किन, उर्सुला ल ग्विन, जॉर्ज आर. आर. मार्टिन, ब्रँडन सँडरसन. जाडजूड खंड, सुरुवातीला नकाशा, शेवटी राजघराण्यांच्या वंशावळी. सिंहासनासाठी चाललेली कारस्थानं, पुजाऱ्यांचं राजकारण, आणि या सगळ्यात मुरलेली जादू.

बाबांना माझं हे वाचन पसंत नाही. 'हे लहान मुलांचं आहे' एवढाच त्यांचा आक्षेप असता तर मी सोडून दिला असता. पण ते म्हणतात, "जिथे मंत्र म्हटला की काहीही होतं, तिथे माणूस चुकतच नाही रे. मंत्र चुकतो." म्हणजे गोष्टीत जादू शिरली की नैतिक प्रश्न बाहेर पडतो. वर होता म्हणून जिंकला, शाप होता म्हणून हरला. मग माणसाने केलं काय?

मराठी वाचकाला हा आक्षेप ओळखीचा वाटेल. आपल्याकडे अद्भुताबद्दल जरा संशयच असतो. नाथमाधवांची 'वीरधवल' एके काळी हौसेने वाचली गेली, पण गंभीर चर्चेत तिचं नाव क्वचित निघतं. उलट इरावती कर्वे यांचं 'युगान्त' (१९६७) आपण अभिमानाने हातात देतो, आणि द्यावंच. कर्व्यांनी महाभारतातले चमत्कार बाजूला ठेवले आणि उरलेल्या माणसांकडे रोखून पाहिलं. मी ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला वाचलं. त्यानंतर बरेच दिवस मला वाटायचं की महाभारत वाचायची हीच एक प्रामाणिक रीत आहे. जादू म्हणजे वर साचलेला गाळ. तो काढला की खाली माणसं दिसतात.

आता माझं मत बदललं आहे, निदान एका अस्त्रापुरतं. ते अस्त्र गोष्टीतून काढलं तर एक माणूस सुटतो, आणि त्याने सुटता कामा नये असं मला वाटतं. तो माणूस अश्वत्थामा नव्हे. त्याला कुणीच सोडलेलं नाही. सुटतो तो द्रोण.

सौप्तिकपर्वातली हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे. युद्ध संपलेलं. दुर्योधन मांडी मोडून पडलेला. अश्वत्थामा, कृप आणि कृतवर्मा हे तिघेच उरलेले. रात्री झाडाखाली बसलेला अश्वत्थामा पाहतो की एक घुबड येऊन झोपलेल्या कावळ्यांना मारतं आहे. त्यावरून त्याला कल्पना सुचते. कृप त्याला थांबवायचा प्रयत्न करतो, तो ऐकत नाही. पांडवांच्या छावणीत झोपलेल्या माणसांची कत्तल होते. द्रौपदीची पाचही मुलं मारली जातात. सकाळी द्रौपदी अन्नत्याग करून बसते आणि भीम अश्वत्थाम्याच्या मागे निघतो.

इथवर जादू फारशी लागत नाही. एक चिडलेला मुलगा, ज्याच्या बापाला खोटी बातमी देऊन शस्त्र खाली ठेवायला लावलं आणि मग मारलं, रात्री सूड घेतो. पण पुढे तो गंगेच्या काठी सापडतो. भीम, अर्जुन आणि कृष्ण समोर दिसल्यावर तो जमिनीवरची एक काडी उचलतो, तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्राचा प्रयोग करतो आणि पांडवांचा निःपात व्हावा असं म्हणून सोडतो. अर्जुनही तेच अस्त्र सोडतो, पण समोरच्या अस्त्राला शमवण्यासाठी, आणि सोडताना गुरुपुत्राचंही भलं चिंतून. दोन अस्त्रांच्या मध्ये नारद आणि व्यास येऊन उभे राहतात आणि दोघांना सांगतात, मागे घ्या.

अर्जुन मागे घेतो. अश्वत्थाम्याला मागे घेता येत नाही.

अख्ख्या महाकाव्यातली ही जागा मला सर्वांत भीतीदायक वाटते. इथे अश्वत्थामा अडून बसलेला नाही. व्यासांपुढे तो कबूल करतो की भीमाच्या भयाने सोडलं, आणि आता ते परतवणं जमत नाही. जे परतवता येत नाही ते कुठेतरी पडायलाच हवं, म्हणून तो ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. न जन्मलेल्या परीक्षितापर्यंत ते पोचतं.

फँटसी वाचणाऱ्यांमध्ये 'मॅजिक सिस्टिम' हा शब्द चालतो. जादूचे नियम काय, किंमत काय, मर्यादा काय. सँडरसनचं यावर म्हणणं असं की शक्तीपेक्षा तिच्या मर्यादा जास्त रंजक असतात. महाभारताला हे नियम फार आधीपासून माहीत आहेत. द्रोणपर्वातलं नारायणास्त्र प्रतिकार केला की वाढतं आणि शस्त्र खाली ठेवलं की शांत होतं. तेच अस्त्र पुन्हा सोड, असं दुर्योधन म्हणतो, तेव्हा अश्वत्थामा सांगतो की दुसऱ्यांदा सोडलं तर ते सोडणाऱ्यावरच उलटेल. ब्रह्मशिराचा नियम याहून कडक आहे. ते सोडणं विद्येचं काम, पण परत घेणं वृत्तीचं. ज्याचं स्वतःवर नियंत्रण नाही त्याने परतवायचा प्रयत्न केला तर ते त्याचंच डोकं उडवतं. आणि अस्त्राने अस्त्र मारावं म्हटलं, तर त्या प्रदेशात बारा वर्षं पाऊस पडत नाही.

अस्त्रविद्येची ही दोन अंगं आहेत: प्रयोग आणि उपसंहार. शाळेत निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदाला बाई 'उपसंहार' म्हणायच्या. त्या शब्दाचा मूळ अर्थ मागे घेणं, आवरून घेणं, हे मला फार उशिरा कळलं. रामायणात विश्वामित्र रामाला एकामागून एक अस्त्रं देतात. ती मिळाल्यावर राम काय मागतो? ही मागे कशी घ्यायची तेही सांगा. आणि विश्वामित्र सांगतात.

आता द्रोणाकडे येतो. भीम निघून गेल्यावर कृष्ण युधिष्ठिराला या अस्त्राची मागची गोष्ट सांगतो. द्रोणाने ते अर्जुनाला मनापासून दिलं. मुलाला ते सहन झालं नाही, त्यानेही मागितलं. मुलगा चंचल आहे हे द्रोणाला माहीत होतं. द्यायची इच्छा नव्हती. तरी दिलं, आणि वर बजावलं: कितीही मोठं संकट आलं तरी हे वापरू नकोस, माणसांवर तर नाहीच. मग हेही म्हणाला की तू सन्मार्गावर टिकशील असं मला वाटत नाही.

या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात. बापाला माहीत होतं. त्याने तसं बोलून दाखवलं. आणि तरीही दिलं.

का दिलं, तेही महाभारताने लपवलेलं नाही. गरिबीत वाढलेलं पोर दूध मागायला लागलं तेव्हा इतर मुलांनी त्याला पिठाचं पाणी पाजलं, आणि दूध प्यायलो म्हणून ते नाचलं. द्रोणाने राजांच्या दारी जायचं ठरवलं ते या अपमानामुळे. पुढे हस्तिनापुरात शिकवताना तो बाकीच्या शिष्यांना अरुंद तोंडाची भांडी देऊन पाण्याला पाठवायचा आणि आपल्या मुलाला रुंद तोंडाचं, म्हणजे पोरगा आधी भरून परत येईल आणि तेवढ्या वेळात त्याला जास्तीचं शिकवता येईल. पिठाचं पाणी पिऊन नाचलेल्या मुलाला बापाने पुढे काही नाकारलं नाही. हे प्रेमच होतं, यात मला शंका नाही.

याच बापाने एकलव्याचा अंगठा मागितला. त्याने जी विद्या शिकवली नव्हती, जी एका मुलाने एकट्याने, शिस्तीने, मातीच्या पुतळ्यासमोर कमावली होती, ती काढून घेतली. आणि जो मुलगा पेलू शकणार नाही असं स्वतःच म्हणाला, त्याच्या हातात सर्वांत भयंकर अस्त्र ठेवलं. मराठीत आपण 'अधिकार' हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. 'त्याला तसा अधिकार आहे' म्हणजे परवानगी, आणि 'त्यांचा अधिकार मोठा' म्हणजे पात्रता. द्रोणाने परवानगी जन्मावरून दिली आणि पात्रतेचा प्रश्न उपदेशावर भागवला. शब्दाच्या दोन अर्थांत पडलेल्या त्या फटीतून अस्त्र सुटलं.

कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये द्रोण आणि अश्वत्थामा या बापलेकांवर लिहिलं आहे. ब्राह्मणांनी आपलं काम सोडून क्षत्रियाचं काम पत्करलं आणि त्यातून काय झालं, असा त्यांचा रोख आहे. तो मला पटतो. पण अस्त्र बाजूला ठेवलं की अश्वत्थाम्याचा गुन्हा रात्रीच्या कत्तलीपाशी संपतो, आणि कत्तल करायला कुणी दुसऱ्याने काही द्यावं लागत नाही. तलवार कुणाकडेही असते. अस्त्र मात्र कुणीतरी दिल्याशिवाय येत नाही. ते गोष्टीत आहे म्हणून 'कुणी दिलं?' हा प्रश्न गोष्टीत आहे. जादूने इथे जबाबदारी संपवलेली नाही, उलट एक जास्तीचा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात आणून उभा केला आहे.

हे सगळं मला वाचनातून सुचलं असतं तर बरं झालं असतं.

मागल्या वर्षी आमच्या टीममध्ये एक मुलगा नवीन लागला होता. कोकणातला, पहिलीच नोकरी. मला 'दादा' म्हणायचा. हुशार होता आणि घाईचा होता. एका गुरुवारी माझ्याकडे कामं तुंबली होती. एका ग्राहकाचा पत्ता थेट चालू डेटाबेसमध्ये बदलायचा होता. ते काम माझं होतं. मी त्या मुलाला अ‍ॅक्सेस दिला, आदेश कसा लिहायचा ते दाखवलं, आणि म्हणालो, "जपून हं. प्रॉडक्शन आहे." द्रोणाने बजावलं होतं तसंच.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. अशा आदेशात कुठल्या नोंदीत बदल करायचा ती अट लिहावी लागते. अट राहिली तर बदल सगळ्या नोंदींत होतो. म्हणून शहाणा माणूस आधी ट्रान्झॅक्शन उघडतो, मग आदेश देतो, किती नोंदी बदलल्या तो आकडा पाहतो. एक असेल तर कायम करतो. जास्त दिसला तर 'रोलबॅक' म्हणतो, आणि काही झालंच नव्हतं असं सगळं जागेवर येतं. रोलबॅक म्हणजे उपसंहार. मी त्याला आदेश शिकवला होता, रोलबॅक शिकवला नव्हता.

संध्याकाळी सातच्या सुमारास हजारो ग्राहकांचा पत्ता एकच झाला. आम्ही आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून जुनं परत आणलं. मधल्या दिवसभराच्या नोंदी लोकांनी दोन दिवस बसून हाताने भरल्या. कुणी मेलं नाही. गोष्टीतलं आणि आमचं प्रमाण एक नाही, हे मला कळतं.

सोमवारी बैठक झाली. मला विचारलं गेलं, "त्याच्याकडे अ‍ॅक्सेस होता का?" मी म्हणालो, "हो, होता." कुणी दिला, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी खोटं बोललो नाही. धर्मराजही बोलला नव्हता. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. अहवाल मीच लिहिला. त्यात कारणाच्या रकान्यात 'मानवी चूक' असे दोन शब्द आहेत. माणूस कोण, ते सगळ्यांना माहीत होतं. महिनाअखेरीस त्या मुलाची नोकरी गेली.

यावर एक युक्तिवाद आहे आणि तो मी स्वतःला बरेच दिवस ऐकवला. अट लिहायला तो विसरला, मी नाही. तो काही लहान मूल नव्हता. अश्वत्थामाही नव्हता, कृपाने त्याला त्या रात्री थांबवलं होतं. शिकवणाऱ्याने शिष्याच्या प्रत्येक चुकीचा भार घ्यायचा ठरवलं तर उद्या कुणी कुणाला काही शिकवणारच नाही, आणि 'पात्रता बघून द्या' हे तर एकलव्याचा अंगठा मागणाऱ्यांचंच म्हणणं होतं.

या युक्तिवादातला पहिला अर्धा भाग खरा आहे, पण त्यातून जे निघतं असं वाटतं ते निघत नाही. दोष म्हणजे भाकरी नव्हे, की एकाने मोठा तुकडा घेतला तर दुसऱ्याला लहान उरेल. अश्वत्थामा पूर्ण दोषी आहे. त्यामुळे द्रोणाचा दोष तसूभरही कमी होत नाही. दुसऱ्या अर्ध्या भागाला उत्तर असं की पात्रता ही आधी तपासून मग दार लावून घ्यायची गोष्ट नाही. ती द्यायची गोष्ट आहे. उपसंहार शिकवणं म्हणजेच पात्रता देणं. रामाची परीक्षा घेऊन विश्वामित्र थांबले नाहीत, त्याला दुसरं अंगही शिकवलं. द्रोणाला नकार देता आला असता, किंवा प्रयोगाआधी वर्षानुवर्षं उपसंहार घोटून घेता आला असता. त्याने तिसरंच केलं. अस्त्र दिलं आणि सोबत सूचना दिली. सूचना देणं सोपं असतं. पुढे काही झालं तर 'मी सांगितलं होतं' म्हणता येतं.

ल ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) मध्ये गेड नावाचा विद्यार्थी जादूच्या शाळेत ईर्ष्येपोटी मृताचा आत्मा बोलावतो आणि त्या फटीतून एक सावली जगात शिरते. तीही परत पाठवता येत नाही. पण तिथे शाळेचा प्रमुख, म्हातारा नेमर्ल, धावत येतो आणि ती फट बुजवण्यात आपला जीव खर्च करतो. शाळा गेडला हाकलत नाही. त्याचं शिक्षण पूर्ण होतं, आणि मग तो स्वतःच त्या सावलीच्या मागे जातो. कुठल्याही व्यवस्थेत चूक होणारच. तेव्हा मोठी माणसं मध्ये येऊन उभी राहतात की बाजूला होतात, यावरून ती व्यवस्था कशी आहे ते कळतं. नारद आणि व्यास मध्ये उभे राहिले. द्रोण तोवर मेला होता. मी जिवंत होतो, आणि बैठकीत त्या मुलापासून दोन खुर्च्यांवर बसलो होतो.

अश्वत्थाम्याला कृष्णाने तीन हजार वर्षं एकट्याने भटकण्याचा शाप दिला. लोकांनी ती मुदतही काढून टाकली आणि त्याला चिरंजीव केलं. आपल्याकडे गावोगाव ऐकू येतं की तो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात अस्तंबा नावाचं शिखर आहे. दिवाळीच्या दिवसांत आदिवासी भाविक डोंगर चढून तिथे जातात, आणि तो डोंगर अश्वत्थाम्याचा मानला जातो. पाच मुलं झोपेत मारणाऱ्या माणसाला लोकांनी एक डोंगर दिला आहे. माफ केलं म्हणून, असं मला वाटत नाही. त्याच्या जखमेवर ज्याने तेल घालायचं तो बाप आता नाही, हे लोकांना समजलेलं असावं. द्रोण मात्र तेल मागत फिरतो असं मी कुठेच ऐकलेलं नाही. त्याला जखम झाली नाही.

गेल्या महिन्यात मी त्या मुलाला फोन केला. मधे दहा महिने गेले होते. तो आता पुण्यात आहे, बरं चाललंय म्हणाला. मी पाठ केलेलं सगळं बोललो: अ‍ॅक्सेस मी दिला होता, बैठकीत ते सांगायला हवं होतं, आता साहेबांना मेल लिहून अहवालात दुरुस्ती करायला सांगितली आहे. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "जाऊ द्या हो दादा. चूक माझीच होती." मला हलकं वाटायला लागलं होतं तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "फक्त एक विचारू? त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, चुकलं तर परत कसं आणायचं. तुम्ही म्हणालात, ते नंतर सांगतो. आठवतं का?"

मला आठवत नव्हतं. तो खोटं बोलणारा मुलगा नाही.

मी त्याला म्हणालो, "आत्ता सांगू?"

"आता येतं मला," तो म्हणाला. "इथे पहिल्याच दिवशी शिकवलं."